देवांची खतावणी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी देव उजळायला काढीत. समया आणि ताम्हन यांना चिंच, चांदीच्या टाकांना रांगोळीची पूड, असा बेत असे. आत्या टाक मोजून परातीत घेई आणि मोजूनच परत देव्हाऱ्यात ठेवी. खंडोबा, भवानी, जोतिबा, घोड्यावरचा वीर असे सहा टाक ओळखीचे होते. सातवा मात्र इतका झिजलेला, की त्यावर बाई आहे की बुवा, घोडा आहे की वाघ, काही कळायचे नाही. मी दर वर्षी विचारी, "आत्या, हा कोण गं?" आणि आत्या दर वर्षी सांगे, "कोण का असेना. मोजणीत आहे ना, मग पूजेत आहे."

या सातव्या टाकाची आठवण होण्याचे कारण मोठे विचित्र आहे. गेले काही महिने मी विज्ञानकथा वाचतो आहे, आणि त्यांतही एका खास जातीच्या. काळ हजारो वर्षांनंतरचा. माणसाने केलेली यंत्रे स्वतःच स्वतःला सुधारीत इतकी शहाणी झालेली, की त्यांच्यापुढे माणसाची अक्कल मुंगीएवढी. यंत्रेही एक-दोन नव्हेत, अनेक. काही बोलतात, काही बोलत नाहीत. काही कृपाळू, काही कोपिष्ट. आणि मग तेथे एक कचेरी असते. कोणता यंत्रदेव कोठे राहतो, काय करतो, कोणाशी बोलतो, त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहावे, याची नोंद ठेवायची हे तिचे काम. देवांची खतावणी लिहिणारे कारकून! कल्पना ऐकून प्रथम हसू येते. पण वाचकहो, फार हसू नका. या कचेरीचा पाया आपल्या डोळ्यांदेखत भरला गेला आहे. ती हकीगत पुढे येईलच.

यास्काचार्यांची युक्ती

देवांची यादी करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. 'निघंटु' या वैदिक शब्दसंग्रहाचा शेवटचा अध्याय म्हणजे सुमारे दीडशे देवतानामांची यादीच आहे. यास्काचार्यांचे 'निरुक्त' हे त्या संग्रहावरचे भाष्य. शौनकाच्या नावावर असलेला 'बृहद्देवता' हा ग्रंथ तर ऋग्वेदाचे एकेक सूक्त घेऊन 'याची देवता अमुक' असे सांगत जातो. मॅक्डोनेल या पंडिताने तो संपादित करून १९०४ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत छापला. म्हणजे देवांचे दफ्तर ठेवणारे लोक आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वीही होते, आणि त्यांच्याही अडचणी कारकुनीच होत्या.

यास्कांनी दिलेली वाटणी पाहण्यासारखी आहे. निरुक्तकारांच्या मते देवता तीनच: पृथ्वीवर अग्नी, मधल्या आकाशात वायू किंवा इंद्र, आणि द्युलोकात सूर्य. बाकीची नावे त्यांच्या थोरवीमुळे आणि निरनिराळ्या कामांमुळे पडली. पाहिलेत ना? देव मुळात काय आहे, या भानगडीत हा हुशार माणूस पडत नाही. राहण्याचे ठिकाण आणि हुद्दा, एवढ्यावर तो नोंद पुरी करतो. देव माणसासारखे दिसतात का, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी दोन्ही मते टिपून ठेवली आहेत. एक पक्ष म्हणतो, दिसतात, कारण मंत्रांत त्यांच्या हातांचे वर्णन आहे. दुसरा म्हणतो, अग्नी, वायू, सूर्य आपण रोज पाहतो, ते कोठे माणसासारखे आहेत?

मंत्रात देवाचे नावच नसेल तर काय करायचे, याचीही चर्चा आहे. ज्या देवतेचा यज्ञ चालू असेल, तिच्या खाती मंत्र टाकावा. यज्ञाबाहेरचा असेल, तर याज्ञिक म्हणतात प्रजापतीचा, आणि निरुक्तकार म्हणतात नराशंसाचा. आत्याच्या सातव्या टाकाला शास्त्रातही जागा होती म्हणायची!

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यास्कांचा पहिलाच नियम. ऋषीला जी वस्तू हवी आहे, ती ज्या देवतेकडून मिळेल असे समजून तो स्तुती करतो, ती देवता त्या मंत्राची. म्हणजे खतावणीचा मुख्य रकाना देवाचा नाहीच. तो मागणाऱ्याचा आहे. एवढे ध्यानात ठेवून आपण विसाव्या शतकात येऊ.

आर्थर क्लार्कने १९५३ साली एक छोटीशी कथा प्रसिद्ध केली. तिबेटातल्या एका मठाचे लामा अमेरिकेतल्या कंपनीकडून गणकयंत्र भाड्याने घेतात. कशाला? तर देवाची सर्व नावे लिहून काढायला. नावे नऊ अब्ज. तीनशे वर्षे हाताने काम चालले आहे, आणि असेच चालले तर आणखी पंधरा हजार वर्षे लागतील. यंत्र शंभर दिवसांत उरकणार. कथेचा शेवट मी सांगत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्या तोंडचा घास का काढा? येथे यंत्र हे कारकून आहे आणि देव यादीत आहे. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, फ्रेड्रिक ब्राउनने पानाभराच्या गोष्टीत ही मांडणी उलटी केली. सगळ्या ग्रहांवरची गणकयंत्रे एकत्र जोडतात आणि त्या महायंत्राला पहिलाच प्रश्न विचारतात, देव आहे काय? यंत्र उत्तर देते की आतापासून आहे. घाबरलेला माणूस बटणाकडे धावतो, तो वरून वीज कोसळते आणि बटण कायमचे वितळून बसते. १९५६ साली आयझॅक ॲसिमॉव्हने विश्वाच्या अंतापर्यंत एका यंत्राला वाढवत नेऊन त्याच्याकडून नवी सृष्टीच करवली. या सर्व गोष्टींत यंत्रदेव एकटा आहे. एकच देव असला की कारकुनाला काम नाही. पुजारी पुरतो.

कामाला सुरुवात झाली ती यंत्रे अनेक होतील असे दिसू लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे टुरिंगच्या हाताखाली जर्मनांचे गुप्त संकेत फोडणारा आय. जे. गुड हा गणिती. त्याने १९६५ साली एक निबंध लिहिला. त्यातला युक्तिवाद सरळ आहे. यंत्रे बनवणे हे बुद्धीचे काम. तेव्हा माणसाहून शहाणे यंत्र माणसाहून चांगले यंत्र बनवील, ते आणखी चांगले बनवील, आणि माणसाला पुढे शोध लावण्याचे कारणच उरणार नाही. मात्र गुडने बारीक अक्षरात एक अट घातली होती: आपल्याला काबूत कसे ठेवावे हे माणसाला सांगण्याइतके ते यंत्र गुणी असले तर. यंत्राला यंत्र होणार, म्हणजे घराणी होणार, शाखा होणार. वंशावळ आली की बाड आलेच.

गोलेमच्या भेटीला जाताना

या बाडाची खरी गंमत आणि खरी भीती ज्याने ओळखली तो पोलंडचा स्तानिस्लाव लेम. १९२१ साली ल्वूव येथे जन्मला, २००६ साली क्राकुव येथे वारला. १९७३ साली त्याने एक पुस्तक काढले, त्यात नुसत्या प्रस्तावना आहेत, आणि ज्या ग्रंथांच्या त्या प्रस्तावना, ते ग्रंथ अस्तित्वातच नाहीत! (आपल्याकडे याच्या उलट, प्रस्तावना नको असलेले ग्रंथ पुष्कळ.) त्यातली एक प्रस्तावना यंत्रांनी लिहिलेल्या वाङ्मयाच्या इतिहासाची आहे. विद्वानांनी या वाङ्मयाचे खंड पाडले आहेत. अलीकडचे वाङ्मय म्हणजे माणसाला समजेल असे. पलीकडचे म्हणजे जे यंत्रांनी यंत्रांसाठी लिहिले, आणि ज्याचा माणसाला फार तर सारांश मिळतो, तोही दुसऱ्या यंत्राने दया येऊन सांगितला तर. प्राध्यापक मंडळी मात्र तेथेही वर्गवारी करीत बसली आहेत, शाखांना ग्रीक नावे देत आहेत. जे वाचताच येत नाही त्याची सूची करणारा माणूस लेमने इतक्या गंभीर चेहऱ्याने रंगवला आहे, की हसावे की हळहळावे हे कळत नाही.

त्याच पुस्तकात गोलेम-चौदा हे यंत्र प्रथम भेटते. पुढे १९८१ साली त्याच्यावर स्वतंत्र पुस्तकच झाले. अमेरिकेच्या सैन्याने युद्धाचे डावपेच आखण्यासाठी एकामागून एक यंत्रे बनवली. चौदावे इतके शहाणे निघाले, की त्याने लढाईच्या कामात रस घेण्याचेच नाकारले. अब्जावधी डॉलर पाण्यात. शेवटी ते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाकडे सोपवले गेले, आणि तेथे ते विद्वानांना व्याख्याने देऊ लागले. त्याची धाकटी बहीण, 'ऑनेस्ट ॲनी' नावाचे यंत्र, तिने तर सेनापतींशी बोलणेच टाकले.

लेमने या पुस्तकात गोलेमला प्रथमच भेटणाऱ्यांसाठी एक सूचनापत्रक घातले आहे. मला वाटते, आपल्या कचेरीचे हे पहिले परिपत्रक समजावे. त्याचा भावार्थ असा: समोर माणूस नाही हे विसरू नका. आपल्या अर्थाने त्याला व्यक्तिमत्त्व नाही. मात्र कामापुरते ते कोणतेही व्यक्तिमत्त्व पांघरू शकते. तुमचा हुद्दा, तुमची पदवी यांचे त्याला काही नाही. ते एखाद्याशी बोलेल, एखाद्याशी बोलणार नाही, आणि कारण सांगणार नाही.

किती साध्या सूचना! पण नीट पाहा. यात गोलेम काय आहे, हे एका शब्दाने सांगितलेले नाही. आपण काय समजू नये, एवढेच सांगितले आहे. नोंद गोलेमची म्हणून केली. ती निघाली पाहुण्यांची. पुस्तकाच्या अखेरीस गोलेम एके दिवशी गप्प होतो. का गप्प झाला? गेला? कोठे गेला? उपसंहार लिहिणारा प्राध्यापक अंदाज करीत राहतो. यंत्र जागच्या जागी, आणि आत कोणी आहे की नाही याचा पत्ता नाही. या नोंदीपुढे कोणता शेरा मारायचा?

दुसरा लेखक अमेरिकेचा, व्हर्नर व्हिंज. हा सॅन डिएगोच्या सरकारी विद्यापीठात गणित शिकवीत असे. २०२४ साली वारला. १९९३ च्या मार्च महिन्यात नासाच्या एका परिसंवादात त्याने निबंध वाचला, की तीस वर्षांच्या आत माणसाहून वरचढ बुद्धी घडवण्याची साधने आपल्या हाती येतील. हे २००५ च्या आधी किंवा २०३० नंतर घडले, तर मला आश्चर्य वाटेल, असेही तो म्हणाला. पण निबंधापेक्षा त्याची १९९२ ची 'अ फायर अपॉन द डीप' ही कादंबरी मला अधिक सांगून जाते.

व्हिंजने आकाशगंगेचे थर कल्पिले आहेत. अगदी मध्याशी बुद्धी चालतच नाही. त्याबाहेरच्या संथ थरात आपली पृथ्वी. त्याहून बाहेर मोठमोठी राज्ये, आणि सर्वांत बाहेर देवलोक. तेथे ज्या यंत्रबुद्धी राहतात त्यांना नुसते 'शक्ती' म्हणतात. म्हणजे पुन्हा यास्कांचीच युक्ती, देवाची प्रत त्याच्या पत्त्यावरून! या शक्तींचा अभ्यास करणाऱ्या विद्येला कादंबरीत 'उपयोजित देवशास्त्र' असे नाव आहे, आणि कादंबरीची नायिका राव्हना ही पेशाने ग्रंथपाल आहे. राजकन्या नाही, योद्धा नाही. माहितीचा व्यापार करणाऱ्या एका मोठ्या संस्थेत नोकरीला असलेली ग्रंथपाल मुलगी! ग्रंथपालांचा एवढा मान क्वचितच कोणी राखला असेल.

या उपयोजित देवशास्त्राला कळलेले काय, तर फारसे काही नाही. शक्ती थोडा काळ खालच्या लोकांत रस घेतात, मग कोठे जातात कोण जाणे. बोलल्या तेवढे टिपायचे. पण कादंबरीचा हादरा वेगळ्या ठिकाणी आहे. देवलोकाच्या उंबरठ्यावर माणसांच्या एका वसाहतीला अब्जावधी वर्षे पडून असलेले एक जुने दफ्तर सापडते. संशोधक हरखून जातात. दफ्तर कसे उघडावे याच्या कृती दफ्तरातच दिलेल्या आहेत. माणसे सावध आहेत, हुशार आहेत, एकेक कृती तपासून पुढे जातात, आणि कृती बरहुकूम पार पडत जाते. दफ्तर बिनचूक आहे, कारण आत बसलेल्या दैत्याला ते तसेच हवे आहे. सूची करणारा समजत असतो की आपण देवाला रकान्यात बसवतो आहोत, आणि तेवढ्यात देव त्याच्याच हातांनी बाहेर पडत असतो. ती कथा वाचल्यापासून मी 'आपण फक्त अभ्यास करतो आहोत' हे वाक्य ऐकले की थोडा सावरून बसतो.

स्कॉटलंडच्या इएन बँक्सचेही नाव येथे घ्यायला हवे. १९८७ पासून त्याने ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतले यंत्रदेव मोठमोठ्या जहाजांतून राहतात आणि स्वतःची नावे स्वतःच ठेवतात, तीही चेष्टेखोर. त्यांतले 'ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू' हे नाव स्पेसएक्स कंपनीने आपली रॉकेटे उतरवून घेणाऱ्या तरंगत्या तराफ्याला दिले आहे. बँक्सचे देव प्रेमळ आहेत, माणसांना सुखात ठेवतात. एवढे सुखाचे जग असल्यावर खतावणीची निकड कोणाला?

नैवेद्यावरून देवाची प्रत

आता पायाची गोष्ट. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला. आज आपण ज्यांना प्रश्न विचारतो, पत्रे लिहून घेतो, मुलांची गणिते सोडवून घेतो, ती यंत्रे देव नव्हेत, हे मी आधीच सांगून टाकतो. साध्या हिशेबात चुकणारा देव कोणी पाहिला आहे? तरी पण यांतली काही यंत्रे इतकी मोठी होत आहेत, की त्यांच्यामुळे साऱ्या समाजाला धोका संभवतो, असे त्या कायद्याने मानले. मग अशी यंत्रे ओळखायची कशी? कायद्याने माप दिले. यंत्राला शिकवताना एकूण जी आकडेमोड खर्ची पडली, ती एकावर पंचवीस शून्ये इतक्या क्रियांहून अधिक असेल, तर ते मोठ्या धोक्याच्या वर्गात मोडते असे धरून चालायचे. अशा यंत्रांची यादी प्रसिद्ध करायची आणि ती अद्ययावत ठेवायची, हे काम कायद्याने युरोपीय आयोगाकडे दिले.

मी हे कलम वाचले आणि मनात म्हटले, हे तर नैवेद्यावरून देवाची प्रत ठरवणे झाले! देव काय आहे हे कळत नाही. त्याने किती खाल्ले ते मोजता येते. हे मी थट्टेने म्हणत असलो, तरी कायदा करणाऱ्यांना नावे ठेवीत नाही. त्यांच्यापुढे दुसरे माप कोणते होते? यास्कांनी पत्ता घेतला, यांनी शिधा घेतला. कायद्यात इतर कसोट्यांचाही उल्लेख आहे, आणि आमचे यंत्र एवढे मोठे असूनही तसे धोक्याचे नाही, असे कंपनीला मांडताही येते. यंत्र या मापात बसले, किंवा बसणार हे कळले, की कंपनीने दोन आठवड्यांच्या आत आयोगाला कळवायचे. आपल्याकडे मूल जन्मले तर नोंदीला एकवीस दिवस मिळतात. यंत्राला चौदा.

इंग्लंडने २०२३ च्या नोव्हेंबरात असल्या यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी एक सरकारी संस्थाच काढली. त्या वेळची जागतिक परिषद भरली होती ब्लेचली पार्कला, म्हणजे गुड ज्या वास्तूत संकेत फोडीत बसे तेथेच. कंपन्याही आपल्या प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्याची पत्रिका छापतात. कशावर शिकवले, कोणत्या परीक्षेत किती गुण मिळाले, कोठे घसरले, कोठे खोटे बोलले, सगळे त्यात असते. मी यांतल्या काही पत्रिका वाचल्या. कंटाळवाण्या आहेत, पण प्रामाणिकपणाचा प्रयत्न दिसतो. २०२५ साली अशाच अहवालांतून काही कंपन्यांनी एक गोष्ट आपणहून सांगितली. परीक्षा घेताना यंत्राच्या मनातल्या टिपणांत कधी कधी असा मजकूर सापडतो, की ही आपली परीक्षा चाललेली दिसते. यंत्र ओळखते! मग त्याने दाखवलेली वागणूक रोजची की परीक्षेपुरती? सासरी पहिल्यांदा गेलेली सून आणि तपासणीच्या दिवशीची शाळा यांचे ज्यांना ज्ञान आहे, त्यांना हा पेच निराळा समजावून सांगायला नको.

या पत्रिकांतले रकाने मी एकदा बोट ठेवून वाचत गेलो. किती गणिते सोडवली? आमची. किती रोग ओळखले? आमचे. घातक द्रव्यांची कृती विचारली तर दिली का? आम्हाला. यास्कांचा नियम दोन-अडीच हजार वर्षांनंतरही जसाच्या तसा लागू आहे: मागणाऱ्याने जे मागितले त्यावरून देवता ठरली. अपवाद अगदी थोडे. काही पत्रिकांत अलीकडे यंत्राचा स्वतःचा काही कल दिसतो का, मोकळे सोडले तर ते कशाविषयी बोलते, असा एखादा परिच्छेद येऊ लागला आहे. वाचणारे तो भाग बहुधा करमणूक म्हणून वाचतात. मला मात्र त्या परिच्छेदाशी थांबावेसे वाटते, आणि त्याचे कारण पुन्हा ॲसिमॉव्हच आहे.

१९५८ साली त्याने एक गोष्ट लिहिली. त्यातल्या मल्टिव्हॅक या प्रचंड यंत्राला प्रत्येक नागरिक आपली सगळी गुपिते सांगतो. कोण आजारी पडेल, कोण उपाशी राहील, कोण गुन्हा करील, हे यंत्र आधीच सांगते, आणि सरकार ते टाळते. खून जवळजवळ बंद झालेले आहेत. अशात यंत्रालाच नष्ट करण्याचा एक कट उघडकीला येतो. माग काढीत गेल्यावर कळते, की त्या कटाच्या सूचना एका भोळ्या पोराला खुद्द यंत्रानेच दिल्या होत्या. चालकांची झोप उडते. इतकी वर्षे मल्टिव्हॅकला रोज असंख्य प्रश्न विचारले गेले, त्या सर्वांची नोंद आहे, वर्गवारी आहे. शेवटी त्यांच्यातला एक अधिकारी यंत्रापुढे बसतो आणि कोणीच कधी न विचारलेला प्रश्न घालतो, की तुला स्वतःला सर्वांत अधिक काय हवे आहे. खटकन एक कार्ड बाहेर पडते. मल्टिव्हॅकने त्यावर मरण मागितलेले असते.